उपचाराची वर्दी आणि बचावाची वर्दी

वैद्यकीय सेवा किंवा बचावकार्य वर्दीत राहून करू इच्छिणाऱ्या तरुणाला भूदल, नौदल आणि हवाई दल यांपैकी कोणते दल निवडावे असा प्रश्न पडतो, आणि भरतीच्या तयारीला लागलेल्या जालना जिल्ह्यातील मुलामुलींच्या बोलण्यातही तो याच रूपात येतो. भारतीय सशस्त्र दलांची रचना लक्षात घेतली, तर मात्र दलाचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर जातो. त्याआधी जखमी माणसावर उपचार करायचे आहेत, की त्याला ढिगाऱ्यातून, पुरातून किंवा समुद्रातून बाहेर काढायचे आहे, हे ठरवावे लागते, कारण भारतात ही दोन कामे एकाच शाखेकडे सोपवलेली नाहीत. त्यानंतर डॉक्टर होऊन, परिचारिका होऊन की बारावीनंतर लगेच आत जायचे, हे पाहावे लागते, कारण या प्रत्येक पायरीचा दरवाजा वेगळा आहे आणि दल निवडण्याची मोकळीकही त्या त्या दरवाजाप्रमाणे कमीजास्त होते.

डॉक्टरांच्या बाबतीत तर दलांमधील भिंत बरीच पातळ आहे. तिन्ही दलांच्या वैद्यकीय व्यवस्थेवर ‘सशस्त्र दल वैद्यकीय सेवा’ ही एकच संघटना असून तिचा महासंचालक लेफ्टनंट जनरल किंवा त्या तोडीच्या हुद्द्याचा असतो, आणि त्याच्या हाताखाली भूदल, नौदल व हवाई दल यांचे स्वतंत्र वैद्यकीय महासंचालक काम पाहतात. लष्करात दाखल होणाऱ्या डॉक्टरची नेमणूक मुळात आर्मी मेडिकल कोअरमध्ये होते आणि तेथून गरजेनुसार व पसंतीनुसार त्याला नौदलात किंवा हवाई दलात पाठवले जाते. तेथे तो त्या दलाची वर्दी घालतो आणि त्या दलाचे हुद्दे लावतो, म्हणून भूदलातील कॅप्टनला नौदलात सर्जन लेफ्टनंट आणि हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट म्हटले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संघटनेच्या पहिल्या महिला महासंचालक झालेल्या सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन यांनी आपल्या सेवाकाळात तिन्ही दलांच्या वर्दीत काम केलेले आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने भूदल की नौदल या चिंतेत दहावी-अकरावीतच पडू नये, एवढे या एका उदाहरणावरून नक्की म्हणता येते.

लष्करी वैद्यक हे नागरी वैद्यकापेक्षा वेगळे शास्त्र का मानले जाते, हे समजून घेण्यासाठी जालना जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्लीच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात लढाई झाली. त्या एका दिवसात कंपनीच्या बाजूचे ४२८ लोक ठार आणि ११०० हून अधिक जखमी झाले. मराठ्यांकडील हानी त्याहून कितीतरी मोठी होती. कंपनीच्या जखमींसाठी पुढे अजिंठ्याला रुग्णालय उभारण्यात आले. डोली हे त्या काळी जखमींना हलवण्याचे नेहमीचे साधन होते, चाळीस वर्षांनंतर येणारे ईथर आणि क्लोरोफॉर्म तेव्हा नव्हते, आणि हातापायात गोळा शिरलेल्या शिपायाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचवणे हेच शस्त्रक्रियेइतके अवघड काम होते. विजयाच्या वर्णनांत हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक लष्करी वैद्यकाचा सारा गाभा त्यातच आहे, कारण येथे रोग्याने दवाखान्यात यायचे नसते. दवाखान्याने रोग्याच्या मागोमाग जायचे असते, आणि तेही गोळीबार चालू असताना.

हे अंतर कापण्यासाठी आजच्या सैन्यात टप्प्याटप्प्यांची साखळी असते. तिची पहिली कडी ‘रेजिमेंटल एड पोस्ट’ ही होय. पलटणीसोबत पुढच्या फळीत असलेल्या या ठाण्यावर एक तरुण डॉक्टर, ज्याला रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणतात, आणि त्याचे मोजके नर्सिंग असिस्टंट असतात, आणि रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे व जखमी माणूस मागे नेता येईल अशा स्थितीत आणणे एवढेच त्यांचे काम असते. त्यामागे फील्ड हॉस्पिटल येते, जेथे जीव वाचवण्यापुरती शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि त्याच्याही मागे बेस हॉस्पिटल व कमांड हॉस्पिटल येतात, जेथे विशेषज्ञांकडून पुढचे उपचार होतात. साखळीचे शेवटचे टोक महाराष्ट्रातच आहे: पुण्याचे कमांड हॉस्पिटल, हृदय व छातीच्या विकारांसाठीची तेथील लष्करी संस्था, अवयव गमावलेल्या जवानांसाठी १९४४ मध्ये स्थापन झालेले आर्टिफिशियल लिंब सेंटर आणि मणक्याला दुखापत होऊन अपंगत्व आलेल्यांसाठी खडकीचे पुनर्वसन केंद्र. जखमी अनेक आणि हात थोडे अशा वेळी कोणाला आधी हात लावायचा, हे ठरवण्याची पद्धतही याच साखळीत शिकवली जाते. तत्काळ उपचाराने वाचू शकणारा आधी, थांबू शकणारा नंतर, हा तिचा क्रम; त्यात हुद्दा पाहिला जात नाही, आणि १९४९ च्या जिनीव्हा करारांप्रमाणे जखमी आपला की शत्रूचा हेही पाहायचे नसते. त्याच करारांनी कायमस्वरूपी वैद्यकीय कामावर असलेल्या सैनिकांना विशेष संरक्षण दिलेले आहे. त्यांच्यावर हल्ला करता येत नाही, ते शत्रूच्या हाती सापडले तरी युद्धकैदी मानले जात नाहीत, आणि स्वतःच्या व रुग्णांच्या बचावापुरती हलकी शस्त्रे त्यांना बाळगता येतात. सैन्यात जायचे पण हातात प्रामुख्याने बंदूक नको, असे वाटणाऱ्यासाठी ही बाब लहान नाही.

आर्मी मेडिकल कोअर आजच्या स्वरूपात ३ एप्रिल १९४३ रोजी अस्तित्वात आली. त्यापूर्वी इंग्रजी राज्यात डॉक्टर अधिकाऱ्यांची इंडियन मेडिकल सर्व्हिस, दुय्यम वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि शिपायांचे इंडियन हॉस्पिटल कोअर अशी तीन वेगळी खाती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या ओझ्याखाली ती एकत्र केली गेली. ‘सर्वे सन्तु निरामयाः’ हे या कोअरचे ब्रीद असून तिचे मुख्य प्रशिक्षण केंद्र लखनौला आहे. एकत्रीकरण झाले तरी आतील तीन थर राहिलेच आहेत, आणि निवडीचा विचार करताना या थरांकडेच पाहावे लागते.

सर्वांत वरचा थर डॉक्टर अधिकाऱ्यांचा. त्यासाठीचा सर्वांत परिचित दरवाजा म्हणजे १ मे १९४८ रोजी पुण्यात स्थापन झालेले सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच एएफएमसी, जेथे १९६२ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम चालतो. प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवरून सुरू होतो, पण तेवढ्यावर संपत नाही. निवडलेल्यांना इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची वेगळी चाचणी, मुलाखत आणि लष्करी निकषांची वैद्यकीय तपासणी यांतून जावे लागते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी ११५ मुले आणि ३० मुली अशी जागांची विभागणी आहे, उमेदवार अविवाहित असावा लागतो, आणि बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली असावी लागते. पदवीनंतर लष्करी सेवा बंधनकारक असते आणि ती टाळल्यास बॉण्डची मोठी रक्कम भरावी लागते. दल निवडण्याची वेळ येथे पदवीनंतर येते, आणि ती पसंती, गुणवत्ता व रिक्त जागा यांच्या मेळातून ठरते.

दुसरा दरवाजा त्या मानाने दुर्लक्षित आहे. कोणत्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन इंटर्नशिप संपवलेला डॉक्टर शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेऊन कॅप्टनच्या हुद्द्यावर कोअरमध्ये येऊ शकतो. एमबीबीएस उमेदवारासाठी वयोमर्यादा ३० वर्षे आणि पदव्युत्तर उमेदवारासाठी ३५ वर्षे अशी चालत आली आहे, आणि सेवा पाच वर्षांची असून ती चौदा वर्षांपर्यंत वाढवता येते. जालन्यात २०२४ मध्ये शंभर विद्यार्थ्यांच्या क्षमतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्याने हा मार्ग आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात शिकूनही खुला होतो. एएफएमसीची संधी हुकली म्हणजे लष्करी वैद्यक संपले, असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते. उलट बाजूने एक गैरसमज दूर करायला हवा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वैद्यकीय शाखा नाही. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करते आणि ते काम ती उत्तम करते, पण ज्याला डॉक्टर व्हायचे आहे त्याची ती वाट नव्हे.

मराठी वाचकाला या थराचे जवळचे उदाहरण हवे असेल, तर बालरोगतज्ज्ञ असलेल्या माधुरी कानिटकर यांचे देता येते. एएफएमसीच्या विद्यार्थिनी आणि पुढे तेथीलच अधिष्ठाता राहिलेल्या कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि निवृत्तीनंतर २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

मधला थर परिचर्या अधिकाऱ्यांचा असून तो मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस या नावाने ओळखला जातो. १८८८ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरलेल्या दहा इंग्रज परिचारिकांपासून त्याची परंपरा सांगितली जाते. हा आजवर केवळ स्त्रियांचा राहिलेला अधिकारी वर्ग आहे. पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बेंगळुरू येथील लष्करी नर्सिंग महाविद्यालयांत चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुणीला लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळते. या सहा महाविद्यालयांत मिळून २२० जागा असतात आणि निवडीसाठी नीटचेच गुण धरले जातात. एमबीबीएसला पुरेसे गुण नाहीत म्हणून खासगी महाविद्यालयाचे शुल्क जुळवण्यासाठी जमीन गहाण टाकण्याच्या विचारात असलेल्या घराने आधी या २२० जागांकडे पाहावे, कारण नीटच्या त्याच गुणपत्रिकेवर मुलीचे शिक्षण, निवास आणि नोकरी ही तिन्ही एकाच निवडीत ठरून जातात. नौदल आणि हवाई दलाच्या रुग्णालयांतही याच सेवेतील अधिकारी काम करतात. त्यामुळे येथेही दलाचा प्रश्न दुय्यमच राहतो.

दलाची निवड खऱ्या अर्थाने निर्णायक ठरते ती तिसऱ्या थरावर, म्हणजे बारावीनंतर शिपाई, खलाशी किंवा हवाई सैनिक म्हणून आत जाताना, कारण येथे एकदा निवडलेले दल निवृत्तीपर्यंत बदलत नाही. भूदलात या पदाला सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट म्हणतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय, एकूण किमान ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के गुण, आणि साडेसतरा ते तेवीस वर्षे वय, अशी त्याची अट आहे. नौदलात आणि हवाई दलात त्याच कामाला मेडिकल असिस्टंट म्हणतात. विषय तेच, पण वयाची वरची मर्यादा साधारण एकवीस. नौदलाचा उमेदवार ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्राथमिक प्रशिक्षण घेऊन मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतो, तर हवाई दलाचा उमेदवार प्राथमिक प्रशिक्षण आटोपून बेंगळुरूच्या वैद्यकीय प्रशिक्षण केंद्रात जातो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत जनरल ड्यूटी, तांत्रिक, लिपिक इत्यादी पदे चार वर्षांच्या अग्निवीर सेवेत गेली आणि त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम केले जाते. वैद्यकीय साहाय्यकांची ही तिन्ही पदे मात्र आतापर्यंत नियमित भरतीतच राहिलेली आहेत. पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे लक्ष जनरल ड्यूटीच्या भरतीवर खिळलेले असते. जीवशास्त्र घेऊन बारावी झालेला मुलगाही मित्रांच्या नादाने त्याच रांगेत उभा राहतो, आणि आपल्यासाठी वेगळी, कायम नोकरीची, कमी गर्दीची रांग आहे हे त्याला कोणी सांगत नाही. जालना जिल्ह्याची भूदल भरती छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या अखत्यारीत येते.

नर्सिंग असिस्टंटचे काम रुग्णालयाच्या वॉर्डापुरते असते असा समज आढळतो, तो अर्धाच खरा आहे. पाण्याचे क्लोरिनीकरण, डासांचा बंदोबस्त, स्वयंपाकघराची तपासणी, लसीकरण ही कामेही त्याच्याकडे असतात, कारण युद्धांच्या इतिहासात फार मोठ्या काळापर्यंत जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावले आहेत. उरलेला अर्धा भाग पुढच्या ठाण्यांवर जातो, आणि तेथे डॉक्टर अनेकदा काही तासांच्या किंवा दिवसांच्या अंतरावर असतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील एकोणीस हजार फुटांवरील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. ते एकोणिसाव्या मद्रास पलटणीच्या ठाण्यावरचे होते आणि त्यांच्यात आर्मी मेडिकल कोअरचा एक नर्सिंग असिस्टंट होता, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी. मद्रास पलटणीच्या जवानांत एक मराठी शिपाई का होता, याचे उत्तर वर सांगितलेल्या साखळीत आहे. पलटण कोणत्याही प्रांताची असो, तिच्या सर्वांत पुढच्या ठाण्यावर वैद्यकीय साहाय्यक मेडिकल कोअरमधून जातो, आणि ठाण्यावरील इतरांचा धोका तोही तसाच पत्करतो. या नोकरीला ‘आरामाची भरती’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरीकडे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की हा डॉक्टर होण्याचा आडमार्ग नव्हे. येथील बढती हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशा क्रमाने होते.

तीन दलांपैकी एक निवडायचेच असेल, तर ते वर्दीच्या रंगावरून न निवडता त्या दलाच्या वैद्यकाला कोणता प्रश्न सोडवावा लागतो, यावरून निवडावे. भूदलाचा प्रश्न जखमेचा आणि उंचीचा आहे. १९६२ च्या युद्धानंतर हजारो जवानांना सपाट प्रदेशातून थेट हिमालयात न्यावे लागले आणि फुप्फुसांत पाणी साठून माणसे दगावू लागली. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आजही उंचीवरील आजारांच्या अभ्यासात आधारभूत मानला जातो. टप्प्याटप्प्याने उंचीची सवय करून देण्याची आज सर्वत्र पाळली जाणारी शिस्त अशा अभ्यासांतूनच पक्की झाली. नौदलाचा प्रश्न दाबाचा आणि एकांताचा आहे. खोल पाण्यातून पाणबुड्या घाईने वर आला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही घडू शकते. त्यासाठी दाबकक्षात उपचार करावे लागतात, आणि त्याचे ज्ञान मुंबईतील नौदल वैद्यक संस्थेत दिले जाते. लहान जहाजावर डॉक्टर नसतो. तेथे मेडिकल असिस्टंटलाच सारे पाहावे लागते. हवाई दलाचा प्रश्न वेगाचा आहे. लढाऊ विमान वळण घेते तेव्हा वैमानिकाचे रक्त मेंदूपासून पायांकडे ओढले जाते आणि क्षणभरात शुद्ध हरपू शकते. हे सहन करण्याचे शिक्षण आणि संशोधन बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत चालते, आणि गगनयान मोहिमेच्या अंतराळवीरांची वैद्यकीय निवडही तेथेच झाली. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्यातील मुलाने नौदल टाळावे असे काही नाही. पोहणे शिकवले जाते. बंद जागेत, महिनोन्‌महिने त्याच माणसांसोबत राहण्याचा स्वभाव मात्र शिकवून येत नाही.

आता बचावकार्याकडे वळता येईल. अमेरिकेच्या हवाई दलात पॅराशूटने उतरून अडकलेल्या सैनिकांना शोधणाऱ्या, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या आणि त्यांना परत आणणाऱ्या जवानांची स्वतंत्र शाखा आहे, आणि चित्रपटांमुळे ती येथील तरुणांनाही ठाऊक झालेली असते. भारतात अशी शाखा नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारी तुकडी म्हणजे आग्र्याचे ६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटल. ते पूर्वी ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या नावाने ओळखले जाई. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ही तुकडी १९५० च्या नोव्हेंबरात कोरियाच्या युद्धात उतरली आणि मार्च १९५१ मध्ये तिच्यातील काही जणांनी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसोबत पॅराशूटने उड्या घेऊन युद्धभूमीवरच उपचार केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा याच तुकडीचे ९९ जण तेथे गेले आणि त्यांनी इस्केंदेरूनला रुग्णालय थाटले. आर्मी मेडिकल कोअरमधील डॉक्टर किंवा नर्सिंग असिस्टंट स्वेच्छेने छत्रीधारी परीक्षेला उतरू शकतो. म्हणजे वैद्यक आणि साहस यांची सांगड घालायची असेल, तरी दरवाजा मेडिकल कोअरचाच राहतो.

उपचाराविना निव्वळ बचावाचे काम ज्याला हवे, त्याने मेडिकल कोअरमध्ये जाणे हीच चूक ठरेल. वाहून गेलेला रस्ता जोडणे, ढिगारा उपसणे, पुरात होड्या घालणे ही कामे भूदलात अभियंता कोअरकडे असतात. ३० जुलै २०२४ रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळल्या, तेव्हा चूरलमला येथे १९० फूट लांबीचा बेली पूल उभारणाऱ्या मद्रास इंजिनियर ग्रुपच्या तुकडीचे नेतृत्व मेजर सीता शेळके यांनी केले. त्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या. पूल उभा राहिल्यावरच यंत्रे आणि रुग्णवाहिका पलीकडे जाऊ शकल्या. महाराष्ट्रातील तरुणांना जवळची असलेली या कोअरची शाखा म्हणजे खडकीचा बॉम्बे इंजिनियर ग्रुप.

समुद्रावर हे काम तटरक्षक दलाचे आहे. १९७७ मध्ये कामाला लागलेल्या आणि १९७८ च्या कायद्याने रीतसर स्थापन झालेल्या या दलाचा महासंचालक हाच देशाच्या सागरी शोध व बचाव व्यवस्थेचा प्रमुख असतो. मोठ्या आपत्तीत नौदलही उतरते: मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने उसळत्या पाण्यातून वाचवले. तटरक्षक दलाच्या नाविक जनरल ड्यूटी पदासाठी मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, जीवशास्त्र नव्हे.

जमिनीवरील नागरी आपत्तींत सर्वांत आधी दिसणारी नारिंगी वर्दी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची असते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने निर्माण झालेल्या या दलाच्या आज सोळा बटालियन असून पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. तिच्या प्रत्येक शोध-बचाव पथकात अभियंते, तंत्रज्ञ, श्वानपथक आणि वैद्यकीय साहाय्यक असतात. या दलात थेट भरती नसते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस यांसारख्या केंद्रीय दलांतील जवान तेथे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ नोकरी कायम ठेवून ठरावीक वर्षांसाठी, पाठवले जातात. त्यामुळे आधी कर्मचारी निवड आयोगाच्या कॉन्स्टेबल भरतीतून, जी स्त्रियांनाही खुली आहे, एखाद्या केंद्रीय दलात जावे लागते. राज्य पातळीवर धुळे आणि नागपूर येथील राज्य आपत्ती प्रतिसाद दलही याच पद्धतीने राज्य राखीव पोलीस बलाच्या मनुष्यबळातून उभे केलेले आहे, आणि राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ जालना शहरातच आहे. ज्या जिल्ह्यात अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांचा गोदाकाठ जायकवाडीचा विसर्ग वाढला की धास्तावतो, आणि ज्याच्या उशाशी समृद्धी महामार्ग आहे, तेथे बचावाचे शिक्षण घेतलेला माणूस सुट्टीवर गावी आला तरी उपयोगी पडतो.

आणखी दोन दरवाजे फार वर्दळीचे नाहीत, तरी नोंदले पाहिजेत. औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांसाठी भूदलात शिपाई फार्मा हे पद असते आणि वय १९ ते २५ चालते. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांना रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये अधिकारी होता येते. सैन्यातील घोडे, खेचरे आणि श्वान यांची निगा व प्रशिक्षण ही या कोअरची जबाबदारी असते.

हा सर्व तपशील मांडल्यावर असे दिसते, की निवडीचा खरा क्षण भरतीच्या मैदानावर नव्हे, तर अकरावीच्या प्रवेश अर्जावर येतो. जीवशास्त्र सोडले, की डॉक्टर, परिचारिका, नर्सिंग असिस्टंट, मेडिकल असिस्टंट हे सारे दरवाजे एका सहीने बंद होतात. गणित सोडले, की तटरक्षक दलाचा नाविक आणि अभियांत्रिकीतून जाणारा अधिकारी हे मार्ग बंद होतात. ज्याला उपचार आणि बचाव यांत अजून निवड करता आलेली नाही, त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय ठेवावेत. अभ्यासाचा भार वाढतो, पण दोन वर्षे विचाराला मिळतात.

दुसरी गोष्ट वयाची. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकवणी लावून नीटसाठी दोन-तीन वर्षे ‘रिपीट’ करणारे विद्यार्थी जालना जिल्ह्यातही पुष्कळ आहेत. त्या काळात नौदल आणि हवाई दल यांची एकविसाव्या वर्षाची मर्यादा नकळत उलटून जाते, भूदलाची तेविसावी जवळ येते, आणि एएफएमसीचे दार चोविसाव्या वर्षी बंद होते. नीटचा अर्ज आणि वैद्यकीय साहाय्यकाच्या भरतीचा अर्ज एकाच वर्षी भरण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि तसे करणेच शहाणपणाचे आहे. जन्मतारखेची अट तिन्ही दलांच्या अधिकृत संकेतस्थळांवरील प्रत्येक जाहिरातीत दिनांकासह छापलेली असते, आणि तीत एका दिवसाचीही सूट मिळत नाही.